अकरावं रीळ

कामरगाव,
१२ जानेवारी १९३९

तय्यब लेका,

मेहरबीमावशी परवा इथल्या बाजारात बांगड्यांची पेटी घेऊन आली होती. मायच्या हातात बांगड्या भरता भरता तिनं सांगितलं की आमचा तय्यब आता तंबूच्या सिनेमात मशीन चालवते, अन् तंबू सध्या उरुसासाठी मंगरूळलेच ठोकला आहे. चार वर्षं माझ्या पाटीवरून गणितं उतरवली तू, अन् एवढी खबर मले तुझ्या मायच्या तोंडून कळावी?

ते भांडण भेटल्यावर. आज एवढंच सांग, ‘अंतःकरणपूर’ तुमच्या तंबूत कोणत्या दिवशी आहे?

तू कादंबऱ्या वाचत नाहीस, म्हणून सांगतो. ही पन्नास वर्षांपूर्वीची कादंबरी. एका गावात एक वैद्य, त्याच्या शेजारी एक अत्तरवाला. वैद्याचा मान अत्तरवाल्याच्या डोळ्यांत सलतो. एक पोरगं तापानं मरतं, तेव्हा हा हळूच गावात सोडून देतो की वैद्याच्या पुडीनं मेलं. वैद्याच्या दारात मग कोणी पाऊल टाकत नाही. पण अत्तरवाल्याले झोप लागत नाही. वीस वर्षं तो चोरून त्या घरात दाणे पोचवतो. एकोणिसाव्या प्रकरणात तो वैद्यापुढे सगळं कबूल करतो, अन् वैद्य म्हणतो, ‘मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. बोललो असतो तर दाणे बंद झाले असते.’ माणूस म्हणजे काय चीज आहे, ते एवढ्या दोन ओळींत आहे. मी ते पुस्तक नऊ वेळा वाचलं.

अन् सिनेमातलं बोलणं कोणी लिहिलं? धनजच्या उकंड्यानं. तोच उकंडराव, जो अमरावतीले कॉलेजात माझ्या खोलीत राहत होता. माझंच पुस्तक मागून वाचलं, त्यावर निबंध लिहिला, अन् प्रोफेसरांनी तो भर वर्गात वाचून दाखवला. माझा निबंध म्हणे तापट होता. मी दौत आपटली अन् वर्गातून निघालो तो सरळ सर्व्हिस मोटारीत येऊन बसलो. घरी सांगितलं की डोळे दुखतात. खरं फक्त तुले माहीत आहे. तो बी.ए. झाला, कोल्हापूरले सिनेमा कंपनीत गेला, अन् आता पडद्यावर त्याचं नाव ‘उदयराव’ असं येतं म्हणतात. जगावा म्हणून मायनं ज्याले जन्मल्याबरोबर उकिरड्यावर लोळवला, तो उदयराव.

इथवर सोसलं असतं. पण मंगरूळच्या रामराव पाटलांकडे, त्यांच्या पोरीसाठी, तुळसेसाठी, उकंड्याच्या काकानं शब्द टाकला आहे. माझं तुळसेवर किती मन आहे ते तुले सांगायले नको. दोन वर्षांमागे धनजच्या लग्नात तिनं ते पुस्तक मागितलं, मेहरबीमावशीच्या पेटीतून ते गेलं अन् पेटीतूनच परत आलं. एकोणिसाव्या प्रकरणाच्या समासात पेन्सिलीनं बारीक ‘हो’ लिहिलेलं. त्या एका अक्षरावर मी दोन वर्षं काढून राह्यलो. आता तिनं त्याच पुस्तकासाठी त्याची वाहवा करावी?

दिवस कळव. जागा नसली तर उभ्यानं पाहीन.

तुझा,
जानराव


मंगरूळपीर,
१५ जानेवारी १९३९

दोस्त जानराव, सलाम.

कार्ड टाकलं नाई, कबूल. आमचं बिऱ्हाड तंबूत, झोप बाकड्यावर, शाई कुठची.

येत्या गुरुवारी येजो. दिवे लागले का खेळ सुरू. चवदा रिळांचा सिनेमा हाये अन् मशीन एकच, म्हून दर रिळाले थांबून उजेड करा लागते. तेवढ्यात लोक भजे खाऊन घेतात. मी रोज पाह्यतो, पण भोकातून पाह्यतो अन् अर्धं ध्यान मशीनच्या दिव्याकडे. उकंड्या कसा लिवते ते मले काय समजते, पण कनातीपल्याड बायांच्या बाजूले मुसमुस आयकू येते, एवढं सांगतो.

तुळसाबाईचं विचारशीलच, म्हून मायले विचारून ठेवलं. पाटलाकडे कोल्हापूरवरून फोटू आला. अंगात कोट हाये, गळ्यात टाय हाये, अन् हातात मिटवलेली छत्री. पाटील म्हणे, पोरगं शिकलेलं दिसते. कारंजाची आत्याबाई, सोजरबाई, उरुसाले आली हाये, ते म्हणे, खोलीत उभा राहून छत्री कायले धरली, कौलं गळून राह्यले काय? सगळे हासले. तुळसाबाई हासली नाई अन् बोललीबी नाई. ते तुह्यासाठी बरं का वाईट, मायले नाई सांगता आलं.

आता एक विचारतो, रागावू नोको. तू सिनेमा पाहाले येऊन राह्यला का उकंड्याले? सिनेमा पाहाले येत असशील त मधातली चांगली जागा धरून ठेवतो. उकंड्याले पाहाले येत असशील त कुठीबी बस, सारखंच दिसन.

तय्यब


कामरगाव,
२१ जानेवारी १९३९

तय्यब,

पाहिला. अन् लेका, इतका खूश होऊन परत आलो की मोटारीतल्या माणसाले वाटलं माझं लग्न ठरलं.

खरं सांगतो, दहाव्या रिळापर्यंत माझी हालत खराब होती. सिनेमा बरा होता. बरा काय, चांगला होता. प्रत्येक चांगल्या वाक्याले मले पडद्यावर उकंड्याचं तोंड दिसे. मागच्या बाकावरचा एक जण दोनदा ‘वा’ म्हणाला, तर मी वळून त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं विडीच विझवली. मी मनात म्हणत होतो, कुठंतरी घसर, बाबा, कुठंतरी घसर.

अन् घसरला. अत्तरवाला कंदील घेऊन वैद्याच्या दाराशी येतो, थाप मारायले हात उचलतो. उजेड झाला. नवं रीळ लागलं, तर दोघं ओट्यावर बसून हसून राह्यले अन् मागून कोणी भजन गाऊन राह्यलं. झालं. कबुली नाही, वैद्याचं उत्तर नाही, एकोणिसावं प्रकरणच नाही. ज्याच्यासाठी पुस्तक लिहिलं तेच या दीडशहाण्यानं गाळलं. तय्यब, मले इतका आनंद झाला की थोडी लाजही वाटली. पण थोडीच.

परीक्षण लिहून काल अकोल्याच्या साप्ताहिकाकडे धाडलं, खाली पुरं नाव घालून. त्यातलं थोडं तुझ्यासाठी उतरवतो:

‘या बोलपटाच्या कर्त्यांनी कादंबरीचे काळीज काढून बाजूला ठेवले आहे आणि उरलेल्या देहाला दागिने घातले आहेत. संवादलेखक रा. उदयराव यांनी एकोणिसावे प्रकरण वाचलेच नसावे, अथवा वाचूनही ते त्यांना पेलले नसावे. क्षमा कोणी मागितली, कोणी केली, कशासाठी केली, हे न दाखवता भजन लावून देणे म्हणजे नवरदेवाशिवाय वरात काढणे होय.’

कसं आहे? नवरदेव मुद्दाम घातला. रामराव पाटील ते साप्ताहिक घेतात.

एक समजलं नाही. खेळ सुटल्यावर मी तुले गळामिठी मारून हे सगळं सांगत होतो, अन् तू माझ्या हातावर भज्यांचा पुडा ठेवून निघून गेलास. काय झालं होतं?

जानराव


(कार्ड)
मंगरूळपीर,
२६ जानेवारी १९३९

जानराव, सलाम.

छापाले गेलं असन त अकोल्याले तार करून थांबव. कारण कार्डावर लिवता येत नाई, पोस्टमास्तर वाचते. खुद येऊन भेट.

तय्यब


कामरगाव,
९ फेब्रुवारी १९३९

तय्यब,

तुझं कार्ड मिळालं, पण तार मी केली नाही, अन् बरं झालं केली नाही. परीक्षण छापून आलं. पहिल्या पानावर नाही, पण दुसऱ्या पानावर वरच्या अंगाले.

पुढचं मेहरबीमावशीकडून तुले कळलंच असेल. रामराव पाटलांनी ते ओट्यावर बसून मोठ्यानं वाचलं. उकंड्याचा काका नेमका त्याच दिवशी बोलणं पुढे न्यायले आला होता. पाटलांनी त्याले चहा दिला अन् विचारलं, ‘तुमचा पोरगा पुस्तक शेवटपर्यंत वाचते का मधातच ठेवते?’ काका चहा अर्धा टाकून उठला. सोयरीक अडली आहे. माय आता माझ्यासाठी पाटलांकडे जायचं म्हणून राह्यली. चांगला दिवस पाहून निघेल.

तुझ्या कार्डाचा मी विचार केला. मशीन तू चालवावं, रोजचा सिनेमा तू दाखवावा, अन् नाव माझं छापून यावं, हे तुले लागलं असेल. मी समजू शकतो. दुसऱ्याचं नाव छापलेलं पाहून पोटात काय होतं ते माझ्यापेक्षा जास्त कोणाले माहीत? पण तू माझा दोस्त आहेस. माझ्या नावाचं तुले वाईट वाटू देऊ नको.

जानराव


मंगरूळपीर,
१३ फेब्रुवारी १९३९

जानराव,

तुहं पत्र वाचून पहिले हासलो, मंग राग आला. तुह्या नावाचं मले काय वाईट वाटन लेका, मले माह्या कर्माचं वाईट वाटून राह्यलं. आता लिफाफ्यात लिवतो. वाचून फाडजो.

तुले वाटते उकंड्यानं एकोणिसावं प्रकरण गाळलं. त्यानं नाई गाळलं. मी गाळलं.

आमच्या शेटचा नेम हाये. उरुसात खेड्यापाड्याचे लोक येतात, त्याईची शेवटची मोटार रात्री धा वाजता सुटते. चवदाच्या चवदा रिळं चालवले त लोक मधातच उठतात अन् तिकिटाचे अर्धे पैसे वापस मांगतात. म्हून अशा मुक्कामाले एक रीळ लावत नाई. कोणतं, ते शेट ठरवते. ज्याच्यात गाणं नाई, मारामारी नाई, बाई नाचत नाई, नुसते दोन माणसं बसून बोलतात, ते. या सिनेमात ते अकरावं. तू मधातल्या बाकावर बसून उकंड्याच्या घसरण्याची वाट पाहून राह्यला होता, तेव्हा अकराव्याचा डबा माह्या पायापाशी होता. अत्तरवाला दारावर थाप मारते अन् वैद्य दार उघडते, ते त्या डब्यात हाये. सगळं हाये.

खेळ सुटल्यावर तू मले गळ्याशी धरलं तेव्हा सांगाचं होतं. पण शेट तिथीच उभा होता. त्यानं आमाले बजावून ठेवलं हाये, जो बाहेर बोलला तो मशीनवरून उतरला. या मशीनसाठी मी दोन वर्षं तंबूचे खुंटे ठोकले, जानराव. म्हून तुह्या हातावर भजे ठेवले अन् निघालो.

आता पुढचं आयक. वीस तारखेले आमचा तंबू कारंजाले जाते. तिथी गावातलेच लोक येतात, मोटारीची घाई नाई, म्हून पुरे चवदा रिळं चालतात. अन् माय सांगे, सोजरबाई तुळसाबाईले कारंजाले घेऊन चालली.

तय्यब


कामरगाव,
१६ फेब्रुवारी १९३९

तय्यब,

तुझं पत्र वाचून मी शेतात गेलो अन् दोन तास एकाच बांधावर फेऱ्या मारल्या. गड्यांना वाटलं मले ताप आला.

तू मले फसवलंस. शेट उभा होता, मान्य. दुसऱ्या दिवशी शेट उभा होता काय? कार्डावर पोस्टमास्तर, तंबूत शेट, अन् मी मात्र अख्ख्या वऱ्हाडात आपलं नाव छापून बसलो. उकंड्याले हे कळेल तेव्हा तो कोल्हापूरले लोकांना बोलावून बोलावून वाचून दाखवेल. ‘हा पाहा माझा खोलीतला दोस्त, यानं माझं रीळ न पाहता माझं परीक्षण केलं.’ त्याच्या हसण्याचा आवाज मले इथं ऐकू येतो. पहिल्यापासून असंच आहे. पुस्तक माझं, निबंध त्याचा. दोस्त माझा, अन् त्या दोस्ताच्या हातूनही फायदा त्याचाच.

जे झालं ते झालं. आता माझं एक काम कर. कारंजालेही अकरावं लावू नको. तुझ्या शेटले सांग की रीळ तुटलं, की जळलं, काहीही सांग. चारच दिवसांची गोष्ट आहे. तुळसा पाहून गेली की मग लाव. तिनं ते रीळ पाहिलं तर ती समजेल की मी एक तर खोटारडा आहे नाहीतर मूर्ख, अन् उकंडराव मात्र मोठा लेखक. माय परवा पाटलांकडे जाणार होती, मी तिले आठ दिवस थांबवलं आहे.

तू माझं देणं लागतोस, तय्यब. दोस्तीची शपथ घालतो.

जानराव


मंगरूळपीर,
१९ फेब्रुवारी १९३९

जानराव, सलाम.

शपथ घालाची जरूर नोहती. गुन्हा माहा हाये. तू म्हणशील त डबा बाजूले ठेवतो, शेटले काय सांगाचं ते मी पाहीन.

पण माही एक शर्त. खेळाच्या आधी, तिकिटाची खिडकी उघडाच्या पहिले, मशीनचा दिवा नीट लागते का ते पाहाले एक रीळ रोज चालवावंच लागते. मंगळवारी कारंजाले मी अकरावं चालवीन. तंबूत कोणी नसन. तू ये, बस, अन् पाह्य. पाहून झालं का वळून मले म्हण, ‘ठेव बाजूले.’ मी ठेवीन, पुन्हा कधी तोंडातून काढणार नाई.

न पाह्यता म्हणू नोको. एकदा न पाह्यता लिवून झालं तुहं.

तय्यब


कामरगाव,
२४ फेब्रुवारी १९३९

तय्यब,

मंगळवारी मी तुझ्याशी एक शब्द न बोलता निघून आलो. तू मशीनजवळ उभा राहून वाट पाहत होतास, ते मले दिसत होतं. आज सांगतो.

सगळी बाकडी रिकामी, कनात सोडलेली, अन् मी मधात एकटा. अत्तरवाला दार वाजवतो. वैद्य उघडतो. अत्तरवाला कबूल होतो, अन् वैद्य पुस्तकातलीच दोन वाक्यं पुस्तकातल्यासारखीच म्हणतो. इथपर्यंत मले फार लागलं नाही. वाक्यं उकंड्याची नव्हती. म्हटलं, चला, निदान नक्कल तरी नीट केली. मी ‘ठेव बाजूले’ म्हणायले मान अर्धी वळवलीही होती.

तेवढ्यात वैद्याची बायको. पुस्तकात ती त्या प्रकरणात नाहीच. ती आतून चौकटीत येऊन उभी राहते. हातात राखेनं माखलेलं भांडं. अन् दोघांकडे पाहत म्हणते, ‘तुम्ही दोघं एकमेकांना माफ करून मोकळे झालात. त्या पोराच्या आईला कोणी सांगितलं? वीस वर्षं ती समजते आहे, आपल्याच हातानं पुडी पाजून लेकराला मारलं.’ रीळ संपतं.

नऊ वेळा, तय्यब. नऊ वेळा वाचलं मी ते पुस्तक. वैद्याचा विचार केला, अत्तरवाल्याचा केला, त्या पुस्तकापायी कॉलेज सोडलं. त्या पोराले आई असेल, हे एकदाही माझ्या मनात आलं नाही. त्याच्या मनात आलं. माझ्याच पुस्तकातून, माझ्याच खोलीत बसून, माझ्याच कंदिलात वाचून आलं. आधी तो मले चोर वाटे, तेव्हा बरं होतं. चोराचा राग धरता येतो. आता जे वाटतं त्याले नाव नाही, पण ते रागापेक्षा वाईट आहे.

अन् तुले खरं सांगतो, ते वाक्य ऐकून झाल्यावरही ‘ठेव बाजूले’ माझ्या तोंडात होतं. जास्तच होतं. तुळसेनं हे ऐकू नये, दुसरं कोणीही ऐकावं, पण तिनं नको, असं वाटत होतं. बोललो असतो तर तू डबा बाजूला ठेवला असतास. म्हणून तोंड मिटून निघालो. तुझ्याकडे पाहिलं असतं तर बोललो असतो.

काल साप्ताहिकाले दुसरं पत्र धाडलं. ते असं:

‘दि. ४च्या अंकातील माझे परीक्षण चुकीचे आहे. एकोणिसावे प्रकरण बोलपटात आहे. ते चालू असताना परीक्षक चहा पिण्यासाठी तंबूबाहेर गेला होता, व हे त्याने वाचकांपासून लपवले. ते प्रकरण संवादलेखकाने केवळ पेलले आहे असे नव्हे, तर मूळ लेखकाला जे सुचले नाही ते त्याला सुचले आहे. परीक्षक वाचकांची व संवादलेखकाची क्षमा मागतो.’

तुझं नाव नाही, शेटचं नाही, रिळाचं नाही. खरं लिहिलं असतं तर तू मशीनवरून उतरला असतास. चहाचं तेवढं खोटं. हसतील लोक. कामरगावचा पोस्टमास्तर तर आत्तापासून तयारी करून बसला असेल. मायलेही सांगितलं की पाटलांकडे जाऊ नको. चहासाठी उठणाऱ्याले कोण पोरगी देतं?

तुझ्याशी माझं भांडण नाही. सिनेमा पुरा लाव.

जानराव


मंगरूळपीर,
१४ मार्च १९३९

रा. जानराव यांस,
तुळसाचा नमस्कार.

हे पत्र मेहरबीच्या पेटीतून येत आहे. वाचून तुमी ते कोणाला दाखवू नये, तय्यबलाही नाही.

साप्ताहिकातलं तुमचं दुसरं पत्र बाबांनी वाचलं अन् मग माझ्याकडे दिलं. मी ते वाचलं अन् मला हसू आलं. तुमी चहा प्यायला गेला नव्हता. त्या गुरुवारी मी मंगरूळच्या तंबूतच होते, आत्याबाईसोबत, बायांच्या बाजूले. कनातीला माझ्या डोक्याइतक्या उंचीवर एक फट होती. तुमी मधल्या बाकावर बसून मागच्या माणसावर डोळे वटारले, तेही पाहिलं. खेळ सुरू झाल्यापासून सुटेपर्यंत तुमी एकदाही उठला नाहीत. सिनेमा माझा थोडा कमी पाहून झाला, पण हे पक्कं सांगते. अन् एकोणिसावं प्रकरण त्या दिवशी मलाही दिसलं नाही. तुमचं पहिलं परीक्षण वाचलं तेव्हा म्हटलं, खरंच लिहिलं यांनी.

मग कारंजाला पुरा पाहिला. घरी आल्यावर मेहरबीला विचारलं की तुमच्या तय्यबकडून काही राहिलं होतं काय. ती पेटीतल्या बांगड्या मोजत बसली, एकदा मोजल्या, दोनदा मोजल्या. मला काय समजायचं ते समजलं. तुमी कोणासाठी खोटं लिहिलं तेही समजलं.

बाबांना मी काही सांगितलं नाही. ते तुमचं पत्र वाचून म्हणाले, ‘चहा प्यायले उठलो होतो, हे छापून सांगणारा माणूस मी आजवर पाह्यला नाही. याच्या घरात लबाडी चालाची नाही.’ मी मान हलवली.

उकंडरावांचे काका पुन्हा येऊन गेले. बाबा या वेळी म्हणाले की पोरीले विचारतो. त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आठ दिवसांनी सांगते. आत्याबाई म्हणाली, कामरगावची माणसं येणार होती ना, ती कुठी अडली? तेच मी तुमाले विचारते. तुमच्या माय काहून आल्या नाहीत?

येणार असतील तर त्याआधी एक गोष्ट स्पष्ट बोलते, मागून कटकट नको. वैद्याच्या बायकोचं ते वाक्य पुस्तकापेक्षा सरस आहे. मी कारंजाला तंबूत रडले, अन् ते वाक्य मी विसरणार नाही. उकंडरावांना मी फोटूतच पाहिलं आहे. वाक्य आवडलं म्हणून ते लिहिणाऱ्याच्या घरी जाऊन राहायचं, असं माझ्या मनात नाही. पण वाक्य मला आवडलं, हे मी तुमच्या घरात म्हणणार. पाहुण्यांपुढे म्हणणार. त्यांचा दुसरा सिनेमा लागला तर पहिल्या दिवशी चला म्हणणार. तेव्हा तोंड फुगवून ओसरीवर जाऊन बसणार असाल, दोन दोन दिवस जेवणार नसाल, तर आत्ताच कळवा. मी बाबांना दुसरं काही सांगेन.

सोसवेल काय तुमाले?

तुळसा


कामरगाव,
१७ मार्च १९३९

तुळसाबाई यांस,
जानरावचा नमस्कार.

तुमचं पत्र बुधवारी मिळालं. उत्तराले दोन दिवस लागले. पहिल्या दिवशी चार कागद फाडले. सगळ्यांत मी असं लिहिलं होतं की ते वाक्य तितकं काही मोठं नाही, वैद्याची बायको इतकं नेमकं बोलणारी नव्हती, अन् पुस्तकवाल्याला वेळ मिळाला असता तर त्यालाही सुचलं असतं. दुसऱ्या दिवशी ते चारही कागद वाचून पाहिले.

वाक्य चांगलं आहे. पुस्तकापेक्षा चांगलं आहे. हे मी छापून आधी कबूल केलं, पण तेव्हा ते अकोल्याले कबूल केलं होतं. तुमाले कबूल करणं त्याहून जड गेलं.

माय सोमवारच्या मोटारीनं निघते. सोबत मामा येतील. मी येत नाही, रामरावजींसमोर चहा प्यायचा प्रसंग आला तर मले हसू येईल.

सोसेन. घरात म्हणा, पाहुण्यांपुढे म्हणा. दुसरा सिनेमा आला तर पहिल्या दिवशी चला, तिकीट मी काढीन. तोंड फुगेल, ते माझ्या हातात नाही, पण ओसरीवर जाणार नाही.

फक्त जेवायले वाढताना म्हणू नका.

जानराव